देवघराची भिंत

कुंकवाचं बोट माझ्या कपाळाच्या अगदी जवळ येऊन थांबलं.

"कोणत्या गावची म्हणालीस गं तू?" वहिनींनी विचारलं.

मी गाव सांगितलं. चुडाव्याच्या जरा पुढचं.

"आडनाव?"

तेही सांगितलं. आमचं आडनाव सगळ्या जातींत सापडतं, त्यावरून काही कळत नाही. वहिनींचं बोट अजून तिथंच होतं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. हा प्रश्न आमच्याकडं सगळ्यांना येतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही येतो.

"गावात घर कोणत्या अंगाला हाय?"

"मांगवाड्यात," मी म्हणाले.

विचारलं म्हणून सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्या घडीला माझ्या ध्यानातच नव्हतं. वहिनींनी बोट मागं घेतलं आणि ताटाच्या काठाला पुसलं. मग ताट छातीशी धरून त्या मागं सरकल्या.

वहिनी म्हणजे घराच्या मालकीणबाई. घर म्हणजे ताडकळसच्या रस्त्याला शेतात उभा राहत असलेला त्यांचा बंगला. आणि मी म्हणजे त्या बंगल्याच्या देवघराची भिंत बांधणारी, त्याच सकाळी देवघराची चौकट बसवणारी पोरगी. आमच्या भागात चौकट बसली की तिला हळदकुंकू लावतात आणि बसवणाऱ्या मिस्तरीचा मान करतात. टॉवेल-टोपी देतात. मिस्तरी बाई असली तर काय द्यायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तशी वेळ कधी आलीच नव्हती. वहिनींनी आपल्या मनानं खण आणि नारळ आणला होता. खण हिरवा होता. मी सकाळपासून काम करता करता त्या ताटाकडं बघत होते आणि मनात खूश होत होते. आता ते आठवलं की मला माझीच कीव येते.

मी पुरुष असते तर हे घडलं नसतं. टॉवेल दुरून हातावर टाकता येतो, टोपीही देता येते. बाईला कुंकू लावायचं म्हणजे तिच्या कपाळाला हात लावायचा. म्हणून त्यांनी विचारलं.

वहिनी वाळूच्या ढिगाकडं गेल्या. तिथं अण्णा उभे होते, त्यांचे मालक. दोघं हळू आवाजात बोलले. अण्णांनी एकदा मान वळवून माझ्याकडं पाहिलं. हेच अण्णा कालपर्यंत येता-जाता म्हणायचे, "पोरगी हाय पर हात सरळ हाय." आता त्यांनी सरांना हाक मारली. सर म्हणजे आमच्या प्रशिक्षण केंद्रात गवंडीकाम शिकवणारे. सर गेले, ऐकलं, आणि खाली मान घालून माझ्याकडं आले.

"चौकट काढून बाजूला ठेव," ते म्हणाले. "ही भिंत पाड. विटा पुसून रचून ठेव."

"कामून सर? वाकडी हाय? ओळंब्यात न्हाई का?"

"ओळंब्यात हाय."

"मंग?"

"तुला कळायलंय सगळं. कशाला मला बोलायला लावायलीस?"

माझी माय बांधकामावर घमेली वाहून म्हातारी झाली. मिस्तरीच्या हाताखाली आलेली पोरं थोड्या वर्षांत स्वतः मिस्तरी होतात. त्यांच्या बरोबरीनं त्याच मालाचं घमेलं उचलणारी बाई बिगारीची बिगारीच राहते. मायनं अशी कितीतरी पोरं वर चढताना पाहिली. काल तिच्या चंचीतली तंबाखू मागणारा आज वरून ओरडायचा, "ए बाई, माल आण." तिच्या हातात कोणी थापी दिली नाही. तिनंही कधी मागितली नाही. मला मागायची होती. मला मिस्तरी व्हायचं होतं आणि लोकांनी मला मिस्तरी म्हणायला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पूर्णेला एका गोदामात बांधकाम कारागिरांचं प्रशिक्षण सुरू झालं. मुलींनाही घेतात, शेवटी परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं, असं कळलं. बापानं नाही म्हटलं नाही. तो वीटभट्टीवर विटा थापतो. तो म्हणाला, "थापण्यापरीस रचणं बरं." मी रोज चुडाव्याहून रेल्वेनं जायला लागले. सोबत वैशाली असायची. ती शेजारच्या गावातली, शेतकऱ्याची पोरगी. शेत थोडं, तेही कोरडवाहू. तिच्या घरचे दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि तिलाही कोयता धरावा लागायचा. तिला त्यातून सुटायचं होतं. ती गावातली, मी मांगवाड्यातली. पण रेल्वेत आम्ही एकाच फडक्यातली भाकर खायचो, आणि तिचं लोणचं मला आवडायचं.

केंद्रात रोज भिंत बांधायची आणि संध्याकाळी पाडायची. शिकाऊ भिंत सिमेंटात बांधत नाहीत. मातीच्या गाऱ्यात बांधतात, म्हणजे विटा पुसून दुसऱ्या दिवशी परत वापरता येतात. रीत चुकीची नाही. पण आमच्याकडं बांधायची पोरांनी आणि पाडायची-पुसायची पोरींनी, अशी वाटणी होऊन बसली होती. कोणी ठरवलं विचारलं तर कोणीच ठरवलं नव्हतं. तपासणीला कोणी मोठे साहेब आले की आमच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या यायच्या, हातात थाप्या यायच्या. फोटो निघाला की थाप्या पुन्हा पोरांकडं. तसला एक फोटो मोठा करून केंद्राच्या दारावर लावला होता. त्यात मी होते, आणि हसत होते.

एके दिवशी मी हातातली वीट खाली ठेवली आणि सरांना म्हणाले, "सर, मला कोपरा काढायचाय." भिंतीचा कोपरा आधी उभा करतात, मग त्याला दोरी बांधून मधली वीट लावतात. कोपरा चुकला की भिंत चुकली. पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, "आधी भाकर गोल कर." सरांनी त्याला दम दिला आणि मला म्हणाले, "काढ."

माझा कोपरा वाकडा आला. दुसऱ्या दिवशीही वाकडा आला. पोरांना करमणूक झाली. मी ऐकून घेतलं आणि पुन्हा बांधला. सर पाठीमागं उभे राहून सांगायचे, ओळंबा हलू देऊ नको, श्वास धर, मग बघ. हळूहळू हात बसला. सर माणूस वाईट नव्हता. हे मला लिहावंच लागेल, कारण वाईट माणसानं सांगितलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

मग प्रत्यक्ष कामाचा सराव म्हणून आम्हाला अण्णांच्या बंगल्यावर नेलं. केंद्राचं गोदाम अण्णांच्याच मालकीचं होतं. सराव आमचा, बंगला त्यांचा, आणि मजुरीचा विषयच नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सिमेंट, खरी भिंत, आणि ती संध्याकाळी पाडायची नाही! मी त्यातच हरखून गेले होते. आमच्यातली हुशार पोरं एका ठेकेदारानं मध्येच पुण्याला नेली, परीक्षेला परत आणतो म्हणाला. राहिली ती कच्ची. म्हणून देवघर माझ्याकडं आलं. मी वीट लावायची, वैशाली माल द्यायची. मी दमले की ती लावायची. चौकट मुहूर्तावर बसवायची होती, तेवढी जागा सोडून भिंत छातीपर्यंत आणली. सकाळी चौकट उभी केली, टेकू दिले, दोन्ही अंगांनी ओळंबा धरून पाहिला. सरांनीही पाहिला. मग सरांनीच कौतुकानं वहिनींना हाक मारली. "या वहिनी, बघा. पोरीनं बसवलीय. केसाचा फरक न्हाई." त्यांना वाटलं, पोरीचं नाव होईल. त्यांना माझी वस्ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. वहिनींना ती माहीत नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आणि आता तेच सर मला भिंत पाडायला सांगत होते.

"केंद्रात रोज पाडतीसच की," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "तसंच समज. भिंतच हाय. दुसरी बांधशील."

"ती माझ्या हातानं बांधली म्हून पाडायची ना?"

सरांनी ओळंब्याची दोरी गुंडाळायला घेतली.

"मी हॉलची बांधली. जिन्याखालची बांधली. त्या बी पाडायच्या?"

"त्या राहू दे. ही देवाची हाय."

मी खाली पाहिलं. समोर विटांची रास होती. प्रत्येक विटेवर भट्टीवाल्याचं अक्षर उमटलेलं. ते अक्षर मी लहानपणापासून ओळखते. त्या भट्टीवर माझा बाप राबतो, माझा चुलता राबतो, आमचा अर्धा मांगवाडा राबतो. चिखल पायानं तुडवतात, हातानं साच्यात भरतात. मी वहिनींकडं वळले. मालकीणबाईंशी असं थेट बोलायची मला सवय नव्हती.

"वहिनी, ह्या इटा माझ्या बापानं थापल्यात. ह्या कशा चालत्यात देवघराला?"

वहिनींनी उत्तर दिलं. रागानं नाही. लेकराला समजवावं तसं दिलं.

"इटा इस्तवातनं निघत्यात बाई. भाजलेल्या असत्यात. त्यांला इटाळ न्हाई."

"मंग मी भाजायची राहिले व्हय?"

तिथं काम करणारे सगळे थांबले. माल कालवणाऱ्याचं फावडं थांबलं. वहिनींचा चेहरा पडला, त्यांना कोणी शिवी दिल्यासारखा. अण्णा तिथूनच ओरडले, "सर, त्वांड आवरा तिचं! केंद्र चालवायचंय का बंद करायचंय?"

सरांनी हातोडा माझ्यापुढं धरला. "घे पोरी. माझ्यासाठी घे. तुझी परीक्षा तोंडावर आलीय. नाव कटलं तर समदं वाया जाईल."

मला सगळं कळत होतं. परीक्षा दिसत होती, प्रमाणपत्र दिसत होतं, मायचं टक्कल पडलेलं डोकं दिसत होतं. घमेल्यानं मायच्या टाळूवरचे केस गेलेत. हातोडा घेतला असता तर घडीभराचं काम होतं. माल अजून कच्चाच होता, भिंत आपसूक सुटली असती. मी हात पुढं केलाही होता. तो लाकडी दांडा हाताला लागला आणि मला फरक कळला. आजवर मी पाडत आले ते शिकण्यासाठी. तिथं सगळ्यांचीच भिंत पडायची, पोरांची आणि माझीही. इथं फक्त माझी पडणार होती, आणि ती चांगली होती म्हणून उभी होती, मी मांगाची म्हणून पडणार होती. हे माझ्याच हातानं करून घेऊन वर विटा पुसून द्यायच्या होत्या.

मी हात मागं घेतला.

"मी न्हाई पाडणार," मी म्हणाले. "ज्यांला इटाळ झालाय त्यांनी पाडावी."

अण्णांना वाटलं नव्हतं मी असं बोलेन. मलाही वाटलं नव्हतं. अण्णा माझ्याकडं न बघता वैशालीला म्हणाले, "तू कोणाची गं?" तिनं सांगितलं. तिचं गाव, तिचं आडनाव, तिच्या बापाचं नाव. अण्णांना बाप माहीत निघाला. "मंग तू पाड," ते म्हणाले, "आन् उद्या तूच बांध."

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली नाही, हो नाही की नको नाही. तिनं सरांच्या हातातला हातोडा घेतला. पहिला घाव तिनं इतका हळू घातला की वीट हललीसुद्धा नाही. सर म्हणाले, "जोरात." मग तिनं जोरात घातला. ती रडत होती आणि पाडत होती. मी तिथंच उभी राहिले. सर म्हणाले, जा आता घरी. मी गेले नाही. शेवटची वीट निघेपर्यंत पाहिलं. विटांवर गोमूत्र शिंपडलं तेही पाहिलं. हिरवा खण दुसऱ्या दिवशी वैशालीला मिळाला, हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी आम्ही रेल्वेत वेगवेगळ्या ठिकाणी बसलो. चुडाव्याला उतरल्यावर ती मागून पळत आली. "मी काय करू गं?" ती म्हणाली. "मला पुन्हा कोयता न्हाई धरायचा." मला तिचं म्हणणं समजलं. मी तिला माफ केलं असं मात्र म्हणणार नाही. समजणं आणि माफ करणं यांत लय अंतर आहे.

घरी मायला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं कपाळाला हात लावला. "दुसरी वस्ती सांगायची व्हती. कोण बघाया येणार व्हतं?" सकाळी भट्टीवर न जाता बाप धुतलेली कापडं घालून बसला आणि मला म्हणाला, "चल." आम्ही ठाण्यात गेलो. जे घडलं ते मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली.

मग परीक्षेच्या यादीतून माझं नाव गेलं. हजेरी कमी भरली म्हणे. मी एक दिवस बुडवला नव्हता. परीक्षा झाली, वैशाली पास झाली, पुण्याला गेलेली पोरंही येऊन पास झाली.

काही दिवसांनी केंद्राचे संचालक आमच्या मांगवाड्यात आले. मोटार वेशीपाशी न ठेवता थेट आमच्या दारापर्यंत आणली. सगळे बघायला जमले. साहेब बाजेवर बसले, चहा मागून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा प्याले. कप रिकामा करून मायला म्हणाले, "फक्कड झालाय मावशी, आणखी घोटभर द्या." माय हरखली. मला त्या घोटांची चीड आली.

मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरातलं प्रमाणपत्र काढलं. त्यावर माझं नाव होतं. निकालाचा वर्गही वरचा होता.

"घे," ते म्हणाले. "झालं गेलं विसर. ठाण्यात जाऊन एवढं म्हण की गैरसमज झाला व्हता. मिस्तरी हायेस तू आता. कागदावर हायेस."

मायनं पदर तोंडाशी धरला होता. तिचे डोळे मला घे म्हणत होते. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस तेच हवं होतं. माझं नाव छापील अक्षरांत किती नीट दिसत होतं.

"साहेब, माझी परीक्षा कवा झाली?"

"आता तिची काय गरज?"

"पोरांची झाली. वैशालीची झाली. माझी बी घ्या. सगळ्यांसमोर घ्या. मी भिंत बांधते, तुमी ओळंबा लावा. नापास झाले तर नापास करा."

साहेब हसले. "परीक्षेची भिंत तर पाडत्यातच गं. मग परत तक्रार करशील."

"सगळ्यांची पाडा, माझी बी पाडा. मी हातोडा देते. नुसती माझी पाडायची असंल तर न्हाई."

त्यांचं हसणं गेलं. त्यांनी बापाकडं पाहिलं. "तुमी तरी समजवा." बाप जमिनीकडं बघत म्हणाला, "ती बोलली ते बोलली." साहेबांनी प्रमाणपत्र परत पिशवीत घातलं आणि मोटार वळवून गेले. धूळ बसेपर्यंत लोक उभे होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "आलेली लक्ष्मी घालवली पोरीनं." माय कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आता मी परभणीला मजुरांच्या नाक्यावर उभी राहते. थापी माझी स्वतःची आहे, कागद नाही. ठेकेदार येतात, विचारतात, "घमेलं उचलतीस का?" मी म्हणते, "वीट लावते." बहुतेक जण हसून पुढं जातात. कधी एखादा घाईत असतो आणि लावू देतो. बाकीचे दिवस मी तशीच परत येते आणि गावात खुरपायला जाते. माय म्हणते, घमेलं उचललं असतंस तर चूल तरी पेटली असती. तिचं चुकत नाही. प्रकरण चालू आहे. तारीख पडते, आम्ही जातो, पुढची तारीख घेऊन येतो. वैशालीनं जबाब दिलाय की तिनं काही पाहिलं नाही. सर समोर आले तर रस्ता बदलतात. अण्णांच्या बंगल्याची वास्तुशांत थाटात झाली.

हे सगळं धरून मी ठरवलंय. घमेलं डोक्यावर घेणार नाही. तक्रार मागं घेणार नाही. कामाला गेले की वीट उचलायच्या आधी घरवाल्यांना मीच सांगते, मी मांगवाड्यातली. त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत नाही. नको असेल तर त्यांनी तिथंच नको म्हणावं, मी थापी घेऊन निघते. पण एकदा मी पहिला थर लावला की ती भिंत माझ्या नावावर उभी आहे. ती पाडायला कोणी आला तर मी रडणार नाही आणि घरीही जाणार नाही. तिथं उभी राहीन, पाडणाऱ्याचं तोंड नीट बघून घेईन आणि त्याचं नाव ठाण्यात देईन. मग तो अण्णा असो, सर असो, नाहीतर माझ्या फडक्यातली भाकर खाल्लेली पोरगी असो.